सतरा माणकं, तीन अस्वलं

आमच्या अप्पांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका वाड्याच्या जिन्याखालची जागा, एक काचेची पेटी आणि दिवसभर डोळ्याला लावलेलं भिंग. मी तिसरी-चौथीत असेन. एचएमटी जनताच्या तबकडीवर इंग्रजीत ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं वाचलं आणि विचारलं, "अप्पा, हिरे कुठायत यात?" त्यांनी मागचं झाकण काढलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि चिमट्याच्या टोकानं एक डाळिंबी ठिपका दाखवला. खसखशीएवढा. "हे माणिक. चाकाची धुरी यात फिरते, म्हणून झिजत नाही." मग सगळी सतरा मोजून घेतली माझ्याकडून: बॅलन्सची चार, रोलरचं एक, पॅलेटची दोन, त्याच्या धुरीची दोन, एस्केप चाकाची दोन आणि चौथ्या, तिसऱ्या, मधल्या चाकाची दोन-दोन. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ होतं.

त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर "स्वित्झर्लंडला जाऊ" असं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात बर्फाचे डोंगर नव्हते. मला बघायची होती ती राजे-राण्यांच्या खिशातली घड्याळं, हिरे-मोती-मीना लावलेली. भाची लोझानला नोकरीला आहे, ती म्हणाली, "मावशी, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या बेतानं या. का ते आल्यावर सांगते." ह्यांना घड्याळात रस नाही, पण ह्यांना आगगाड्या आवडतात. जमलं.

पहिला दिवस, शुक्रवार: जिनिव्हा

विमान वेळेवर आलं. हॉटेलात राहणाऱ्यांना शहरातल्या बस-ट्राम फुकट असतात, त्याचा पास आधीच फोनवर आला होता. (हॉटेलनं स्वतःहून पाठवला नाही तर मागून घ्या.)

तळ्याकाठी फुलांचं मोठं घड्याळ आहे, त्यापुढे फोटोसाठी रांग. आम्हीही काढला. पण संध्याकाळ खरी घालवली ती रोन नदीच्या पलीकडे, सँ-जेर्व्हे भागात. आता तिथं दुकानं, ऑफिसं, केबाबवाले आहेत. अठराव्या शतकात मात्र इथल्या घरांच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर घड्याळजी बसायचे, कारण उजेड वर. त्या खोलीला ‘काबिने’ म्हणायचे आणि तिथं काम करणाऱ्याला ‘काबिनोतिए’. मान वर करून चालत होते. एका जुन्या घराच्या माळ्यावर खिडकीला खिडकी लागून ओळ दिसली. अप्पांना जिन्याखाली चाळीसचा बल्ब होता, तो आठवला.

या शहरात घड्याळं आली कशी, ती गोष्ट मला फार आवडते. १५४१ नंतर इथं कॅल्विन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाचं राज्य. धर्म कडक, दागिन्यांवर बंधनं. सोनार मंडळींनी करायचं काय? हातात कला, गल्ल्यात खडखडाट. त्याच काळात फ्रान्समधून प्रॉटेस्टंट निर्वासित येऊ लागले, त्यांच्यात घड्याळजी होते. दागिना म्हणजे पाप, पण वेळ बघणं पाप नव्हे! सोनारांनी आपलं सगळं सोनं, मीना, नक्षी घड्याळाच्या डबीवर ओतलं. १६०१ मध्ये इथल्या घड्याळजींचा स्वतःचा संघ झाला. नियमाला पळवाट काढण्यात माणूस सगळीकडे सारखाच.

रात्री कॉफीचे पाच फ्रँक मोजताना ह्यांनी रुपयात हिशेब केला आणि उरलेल्या प्रवासात कॉफी हॉटेलातल्या नाश्त्यालाच प्यायची असं जाहीर केलं. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकातल्या कारंजांचं पाणी पिण्याचं असतं. नसेल तिथं तशी पाटी असते.

दुसरा दिवस, शनिवार: आधी जुना बाजार, मग संग्रहालय

प्लॅंपाले नावाचं मोठं चौकोनी मैदान आहे, तांबूस मातीचं. बुधवारी आणि शनिवारी तिथं जुना बाजार भरतो. भाची लोझानहून सकाळच्या गाडीनं आली. ढग खाली उतरलेले, बोटं गार. बाजारात पितळी कंदील, तुटक्या बाहुल्या, लष्करी कोट, चांदीचे काटे-चमचे. घड्याळवाले तीन-चार. आम्ही एका म्हाताऱ्यापाशी थांबलो, कारण तो गिऱ्हाइकाकडे न बघता अप्पांसारखंच भिंग लावून बसला होता.

त्याला भाचीनं फ्रेंचमध्ये सांगितलं की माझे वडील घड्याळजी होते. त्यानंतर तो मला विकायचं विसरून शिकवायलाच लागला. बायकांच्या गळ्यात घालायचं एक छोटं सोन्याचं घड्याळ काढलं. पाठीवर निळी मीना, मधे गुलाबी हिऱ्यांची फुलं (गुलाबी रंग नव्हे, ‘रोझ’ पैलू). किंमत अठराशे फ्रँक. "घेऊ नका," तोच म्हणाला. घड्याळ आडवं धरून उजेड तिरका पाडला तेव्हा मीन्यावर एक पट्टा मंद दिसला, बाकीचं काचेसारखं लखलखीत. मीना म्हणजे काचच. ती उडाली की पुन्हा भट्टीत घालणं धोक्याचं, म्हणून लोक रंगीत राळ भरतात. दिसायला सारखी, पण जंबुपार किरणांच्या दिव्याखाली वेगळी चमकते. त्याच्या खिशात तसला पेनएवढा दिवा होताच.

त्यानं आणखी तीन गोष्टी सांगितल्या, त्या अशा बाजारात जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. डबी आणि आतलं यंत्र एकमेकांचं आहे ना ते क्रमांकावरून पाहायचं; सोनं वितळवून विकलेल्या डब्यांची यंत्रं आणि यंत्र मेलेल्या डब्या यांची लग्नं लावणारे पुष्कळ. चावी द्यायची नाही, आधी उघडून बघायचं. सुकलेल्या तेलावर चालवलेलं घड्याळ धुरी खातं. आणि मोती मोजायचे. कडेला शंभर मोत्यांची ओळ असली आणि त्यातला एक जास्त पांढरा असला, तर बदललेला आहे. बदलला म्हणून वाईट नाही, पण किंमत तशी द्यायची.

मग मी त्याच्या स्वस्तातल्या ढिगात हात घातला. चांदीची, काळवंडलेली, काच नसलेली घड्याळं. एकाची तबकडी पुसली तर इंग्रजीत अक्षरं: वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता.

ही कंपनी मूळची स्विसच. भारतातल्या बाजारासाठी घड्याळं इथं बनायची आणि बोटीनं मुंबईला जायची. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खिशातल्या घड्याळांत निम्मी याच नावाची असायची. नखानं मागचं झाकण उघडलं. आत ठसा: ०.९३५ आणि सूक्ष्म तीन अस्वलं. म्हातारा खूश झाला. इंग्रजांच्या राज्यात विकायच्या चांदीला त्यांचा ०.९२५ चा कस लागायचा, म्हणून स्विस लोक त्याहून किंचित चढ चांदी वापरून हा तीन अस्वलांचा ठसा मारत. अस्वलं मला तोवर माहीत नव्हती. अप्पांकडे असताना कधी भिंगातून पाहिलीही असतील, पण मला वाटायचं कुत्री.

आणि ठशाच्या खाली, झाकणाच्या कडेला, सुईनं ओरखडलेलं काहीतरी. म्हातारा म्हणाला, "अरबी असावं. दोन वर्षं पडून आहे, कुणाला वाचता आलं नाही."

भिंग मागितलं. मराठी होतं. ‘द. १२-३-५४’. त्याखाली ‘२॥’.

घड्याळजी लोक हे करतात. दुरुस्ती केली की आपली खूण आणि तारीख झाकणाच्या आत ओरखडायची, म्हणजे तेच घड्याळ परत आलं तर गिऱ्हाइकाशी वाद नको. अप्पाही करायचे. द. कोण, दत्तोबा की दिनकर की दामले, कुठल्या गावचा, काही कळायला मार्ग नाही. पण १९५४ च्या मार्चमध्ये त्यानं या घड्याळाचे अडीच रुपये घेतले. ‘२॥’ म्हणजे अडीच हे सांगायला भाचीलाही वेळ लागला. तिच्या पिढीनं ती उभी दांडी शाळेत पाहिलेलीच नाही. मी म्हाताऱ्याला समजावलं, भाचीनं फ्रेंच केलं. तो म्हणाला, "अडीच रुपयात? सगळं साफ करून?" आणि साठ फ्रँकचं घड्याळ चाळीसला दिलं. मी घासाघीस केलीच नव्हती.

तिथून पाटेक फिलीप या घड्याळ कंपनीचं संग्रहालय चालत दहा मिनिटंही नाही. दहा फ्रँक तिकीट. शनिवारी सकाळी दहालाच उघडतं, मंगळवार ते शुक्रवार दुपारी दोनला, आणि रविवार-सोमवार बंद. आत फोटो काढता येत नाहीत, पिशव्या बाहेर ठेवायच्या. त्याचं मला बरंच वाटलं. सगळे डोळ्यांनी बघत होते.

या कंपनीचा पाया घातला अँटोनी पाटेकनं. तो पोलंडचा, उठाव फसल्यावर परागंदा होऊन इथं आलेला. १८३९ मध्ये त्यानं चापेक नावाच्या भागीदाराबरोबर धंदा सुरू केला. मग त्याला आद्रियें फिलीप भेटला. फिलीपची हुशारी अशी की घड्याळाला वेगळी चावी लागू नये, डोक्यावरची बोंडी फिरवली की झालं. आज मनगटावरच्या घड्याळाला आपण जी बोंडी पिळतो ती हीच. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीनं असं एक बिनचावीचं नाजूक घड्याळ घेतलं, निळ्या मीन्यावर हिऱ्यांचं. पुढे किती राजांनी रांगा लावल्या असतील ते सांगायला नको.

पण मी अडकले ती त्यांच्या आधीच्या दालनात. तिथं सोळाव्या शतकापासूनची घड्याळं. सगळ्यात जुन्यांना वेळ नीट दाखवता येत नव्हती, तासाचा एकच काटा! मग त्यांना इतकं सजवायचं कशाला? त्याचं उत्तर समोरच होतं: वेळेसाठी कोण घेत होतं? नखाएवढ्या डबीवर आख्खा प्रसंग रंगवलेला, बाईच्या गालावरची लाली दिसते. जिनिव्हाच्या ह्युओ घराण्यानं सतराव्या शतकात असल्या मीनाचित्रांत नाव काढलं.

मीनाकाम आपल्याकडेही आहे, जयपूरचं आणि बनारसचं गुलाबी. पण इथं सोनं इतकं पातळ की तापल्यावर वाकतं, म्हणून पाठच्या बाजूलाही मीना चढवायचा, दोन्हीकडून ओढ सारखी. रंगीत काच खलात दळायची, पाण्यात धुवायची, ब्रशच्या दोन-तीन केसांनी लावायची, वाळवायची आणि सुमारे आठशे अंशांच्या भट्टीत मिनिटभर. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं, गुलाबीसाठी चक्क सोनं. एक रंग, एक भट्टी. दहा-बारा वेळा हे झाल्यावर शेवटी वर पारदर्शक काचेचा थर आणि त्याला घासून आरशासारखं करणं, ही जिनिव्हाची खासियत. अकराव्या भट्टीत तडा गेला तर पहिल्या दहा गेल्या.

चीनच्या बाजारासाठीच्या घड्याळांपुढे तर ह्यांनाही थांबावं लागलं. ती जोडीनं विकत. दोन घड्याळं, चित्र तेच, पण आरशातल्यासारखं उलट. कडेला मोत्यांची ओळ. भिंगातून पाहिलं तर मोती पूर्ण नाहीत, अर्धे कापलेले. आपल्या नथीत मोती आख्खा, सोन्याच्या तारेत ओवलेला. तो झुलायला हवा. इथं घड्याळ खिशात सपाट बसायला हवं, म्हणून मोत्याचा चपटा भाग खाली, गोल वर आणि दोन मोत्यांमधल्या सोन्याचे कण उचलून कडेवर दाबलेले. कोंदण कुठं दिसतच नाही.

आणि एक सुरवंट. बोटाएवढा, सोन्याचा, लाल मीन्याचा, पाठीवर मोती आणि रत्नं. १८२० च्या सुमाराचा, मायार्दे या कारागिराच्या नावावर सांगतात. पोटात चाकं आहेत, किल्ली दिली की पाठ वर-खाली करत टेबलावर सरपटतो. तो घड्याळ नाहीच, वेळ दाखवत नाही. पण तो करायला घड्याळजीच लागतो. शेजारच्या पडद्यावर तो चालताना दिसत होता आणि त्यापुढे एक चार वर्षांची मुलगी जमिनीवर तसंच सरपटून दाखवत होती.

हे पुढच्या दालनात कॅलिबर ८९ नावाच्या घड्याळापुढे उभे होते. १९८९ मध्ये कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून केलेलं, १,७२८ भागांचं, किलोपेक्षा जड, वेळेशिवाय तेहतीस कामं करणारं. ते ईस्टरची तारीखही सांगतं, पण त्याचं खाचांचं चाक २०१७ पर्यंतच कापलेलं. "म्हणजे पंचांग नवीन घ्यावंच लागतं," हे म्हणाले आणि समाधानानं खुर्चीत बसले.

तिसरा दिवस, रविवार: न्यूशातेल

पहिल्या रविवारचं गुपित हे: न्यूशातेलच्या कला आणि इतिहास संग्रहालयात जाके-द्रोच्या बाहुल्या महिन्याच्या पहिल्या रविवारीच चालवून दाखवतात, दुपारी दोन, तीन आणि चारला. जिनिव्हाहून गाडीला सव्वा तास. बाहेर धुकं इतकं की तळं आहे हे नकाशावरून मानायचं.

प्येर जाके-द्रो घड्याळजी. रत्नं लावलेली, पक्षी गाणारी घड्याळं राजेरजवाड्यांना विकणारा. घड्याळांची जाहिरात म्हणून त्यानं मुलगा आणि लेशो नावाचा सहकारी यांच्यासह १७६८ ते १७७४ मध्ये तीन बाहुल्या केल्या. वादन करणारी बाई खरंच बोटांनी पट्ट्या दाबते, श्वास घेतल्यासारखी छाती हलते, शेवटी मान लववते. चित्रकार पोरगा पेन्सिलीनं कुत्रा काढतो. लिहिणारा मुलगा अनवाणी, गुबगुबीत, हातात पीस. दौतीत बुडवतो, दोनदा झटकतो, म्हणजे डाग पडू नये, मग लिहितो. डोळे अक्षरामागे फिरतात. त्याच्या पाठीतलं झाकण उघडून दाखवलं: जवळपास सहा हजार भाग, आणि एक चाक ज्यावर अक्षरं बसवायची. चाळीस अक्षरांपर्यंत हवा तो मजकूर त्याच्याकडून लिहून घेता येतो. पीस झटकताना माझ्या घशाशी आलं, का ते सांगता येत नाही. टाक झटकून लिहिणारी शेवटची माणसं आम्हीच, म्हणून असेल.

अर्धा तास आधी जाऊन पुढे बसा, मागून फक्त लोकांचे फोन दिसतात.

रात्री फोंड्यू. मातीच्या भांड्यात वितळलेलं चीज आणि पांढरी वाइन, खाली ज्योत, लांब काट्याला पावाचा तुकडा. शाकाहारी माणसाला इथं हा मोठा आधार. शेवटी भांड्याच्या तळाला चिकटलेला खरपूस पापुद्रा वेटरनं सुरीनं सोडवून तिघांत वाटला. सरळ खरवड! आमच्याकडे खरवडीवरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, इथं ती वेटर मानानं देतो.

चौथा दिवस, सोमवार: ला शो-द-फोंची चढण, आणि माझी चूक

भाची कामावर परतली. आम्ही दोघं वर निघालो. गाडी जंगलातून चढत एका स्टेशनात थांबली आणि मग उलटी निघाली. मी घाबरले, "अहो, परत चालली!" हे दोन दिवस याचीच वाट बघत होते. शांब्रेलियाँ स्टेशनात गाडीचं तोंड फिरतं, डोंगर इतका उभा की रूळ नागमोडी घालायला जागाच नव्हती. आमच्या बोरघाटात पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं तसंच, असं व्याख्यान पुढची दहा मिनिटं झालं. ते संपेतो खिडकीत लख्ख ऊन. धुकं खाली राहिलं होतं, कापसासारखं पसरलेलं, आणि पार पलीकडे आल्प्सची ओळ. तीन दिवसांत पहिल्यांदा स्वेटर काढला, तेही हजार मीटर उंचीवर.

आता चूक. आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय सोमवारी बंद. जगाला माहीत आहे, मी पाहिलंच नव्हतं. दारावरची पाटी वाचून ह्यांनी एक अक्षर बोललं नाही, ते जास्त लागलं. बाहेरच्या बागेतलं नळ्यांचं मोठं वादन मात्र दर पंधरा मिनिटांनी वाजतं, त्याला सुट्टी नाही.

मग गाव बघितलं, आणि तेच बरं झालं. १७९४ मध्ये हे गाव जळालं. पुन्हा बांधताना सरळ, समांतर रस्ते आखले, १८३५ च्या आराखड्यानं ते पुढे वाढवलं. घरांच्या ओळींमधे अंतर असं की प्रत्येक खिडकीतल्या घड्याळजीच्या टेबलावर ऊन यावं. शेजारच्या ल लॉकलसह २००९ मध्ये याला युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. एस्पासिते नावाच्या मनोऱ्याच्या चौदाव्या मजल्यावरून फुकट बघता येतं. वहीवर रेघा मारल्यासारखं गाव. मार्क्सनं ‘भांडवल’मध्ये या गावाला एक प्रचंड घड्याळ कारखाना म्हटलंय, वरून पटतं.

चंडीगड आखणारा ल कोर्बुझिए इथलाच, १८८७ चा जन्म. वडील घड्याळांच्या तबकड्यांना मीना लावायचे. तो स्वतः कलाशाळेत घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरायला शिकला, मग मास्तरांनी त्याला इमारतींकडे वळवलं. चंडीगडचे सरळ सेक्टर कुठून आले असतील याचा माझा अंदाज मी ह्यांना सांगितला. "तुला घड्याळात काहीही दिसतं," असं उत्तर आलं.

आम्ही उतरलो ते एका बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. सत्तरीच्या. तोडकं इंग्रजी, माझं तितकंच. मी पिशवीतून ते घड्याळ काढलं आणि त्यांनी उठून कपाट उघडलं. त्यांच्या आईचा चामड्याचा एप्रन निघाला. आई रत्नं बसवायची, घरीच, खिडकीशी. एप्रनचं एक टोक टेबलाला अडकवायचं, एक कमरेला, मधे झोळी. पडलेला हिरा, सोन्याचा कण, सगळं झोळीत. संध्याकाळी ब्रशनं झाडून डबीत, डबी परत कारखान्यात, तिथं वजन. मी त्यांना झारेकऱ्यांबद्दल सांगायचा प्रयत्न केला, की आमच्या सराफकट्ट्यावर लोक गटाराची माती धुवून सोनं काढतात. हातवारे करून सांगितलं. त्यांना वाटलं आमच्याकडे नदीत सोनं सापडतं. राहू दिलं.

सत्तरच्या दशकात क्वार्ट्झ घड्याळं आली आणि पंधराएक वर्षांत या धंद्यातल्या नव्वद हजारांच्या आसपास नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. आईचं काम गेलं तेव्हा बाई शाळेत शिकवू लागल्या होत्या. आईच्या हातच्या घड्याळांत एकही त्यांच्याकडे नाही. "कुणाच्या गळ्यात गेली, आम्हाला कधी कळलं नाही. नाव तर दुकानाचं असायचं." मी माझ्या घड्याळाचं झाकण उघडून ‘द.’ दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

नाश्त्याला तायोल नावाचा गोड मनुकांचा पाव मिळाला. सोबत चेस्टनटच्या शेवयांसारखं एक गोड, व्हर्मिसेल. ह्यांनी दोनदा घेतलं. आबसांत दारूचा चमचाभर नमुनाही होता; बडीशेपेचा काढा वाटला, पाणी घातलं की दुधाळ होतो. जवळच्या व्हाल-द-त्राव्हेरची ही दारू १९१० ते २००५ बंदीत होती, तेव्हा लोक घरात गाळत.

पाचवा दिवस, मंगळवार: दोन संग्रहालयं एका दमात

ल लॉकल गाडीनं दहा मिनिटांवर. तिथलं घड्याळ संग्रहालय म्हणजे शातो दे मों हा वाडा, स्टेशनपासून चांगला चढावर आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बस घ्यावी. गावात दानिएल ज्याँरिशारचा पुतळा आहे. गोष्ट अशी की लोहाराच्या कामात रमलेल्या या पोराकडे एका घोडेव्यापाऱ्यानं लंडनचं बंद पडलेलं घड्याळ दिलं, त्यानं ते चालू केलं आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांना हिवाळ्याचा धंदा मिळाला. खरी किती, वाढवलेली किती, कोण जाणे. पण सहा महिने बर्फ, हाताला काम नाही, हे खरं.

वाड्यात सांदोझ घराण्यातल्या एका संग्राहकाची रत्नजडित यंत्रं आहेत. गाणारे पक्षी, वाजणाऱ्या डब्या. तिथं एक सुरवंट पुन्हा भेटला. पण प्रामाणिकपणे सांगते, तोवर माझे डोळे भरले होते. हिरे फार झाले की गोडासारखं होतं.

दुपारी परत ला शो-द-फों, संग्रहालय उघडं. १९७४ ची इमारत, बरीचशी जमिनीखाली. इथं रत्नांचा थाट कमी, यंत्राचं पोट जास्त. एका जागी घड्याळातल्या माणकांबद्दल होतं. माणकाला भोक पाडून धुरी बसवायची युक्ती १७०४ मध्ये लंडनमध्ये नोंदवली गेली, त्यात जिनिव्हाचा फातिओ नावाचा गणिती होता. १९०२ मध्ये व्हर्नोयनं भट्टीत कृत्रिम माणिक करायची रीत जाहीर केली आणि आतल्या माणकांची किंमत कवडीमोल झाली. म्हणजे अप्पांनी दाखवलेली ती सतरा, सगळी कारखान्यातली. बाहेरचे हिरे खाणीतले, आतली माणकं भट्टीतली. बाहेरचे काढले तर घड्याळ चालतं, आतली काढली तर नाही. अप्पांना हे माहीत असणारच. तिसरीतल्या पोरीला सांगितलं नाही इतकंच.

शेवटी काचेपलीकडे दुरुस्तीची कार्यशाळा दिसते. एक तरुण मुलगी जुन्या घड्याळाचं चाक ब्रशनं धूत होती. मी काचेला नाक लावून उभी राहिले, शेवटी तिनं हात हलवला.

परत आल्यावर

घरचं जुनं घड्याळ सोबत नेणार असाल तर दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या कायद्यानं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी पण मौल्यवान असेल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून दाखला करून घ्या, नाहीतर येताना तुमच्याच वस्तूवर कर भरा. आणि बाजारातून काही घेतलं तर पावती मागा. माझ्या म्हाताऱ्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सहीसकट लिहून दिली, ती मुंबईत कुणी पाहिली नाही.

घड्याळ घेऊन अप्पांच्या एका जुन्या सोबत्याकडे गेले. सांगलीत आता असं काम करणारे एक-दोनच. त्यांनी भिंग लावलं, झाकण उघडलं, अस्वलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॅलन्सची धुरी तुटलीय, म्हणाले, नवी कातून बसवावी लागेल. मग कडेचा ओरखडा वाचला.

"अडीच रुपये," ते म्हणाले. "आता दीड हजार होतील ताई. दिवाळीनंतर या."